टेकडीवर सायकल न्यायची आहे? आधी वाट ओळखा, मग सायकल निवडा

दिवाळी झाली, की पुण्याच्या टेकड्यांवरचे गवत पिवळे पडते, मुरूम सुकतो आणि रविवारी पहाटे पायवाटांवर जाड टायरच्या सायकली दिसू लागतात. त्यांतल्या बऱ्याच नव्या कोऱ्या असतात. उन्हाळा लागेपर्यंत यातल्या कितीतरी सायकली सोसायटीच्या पार्किंगमध्ये धूळ खात उभ्या राहतात. कोणी पहिल्याच उतारावर पडलेला असतो, कोणाला चढ झेपलेला नसतो, तर कोणाची ट्यूब दर रविवारी बाभळीच्या काट्याने फुटलेली असते.

टेकडीवर वर्षानुवर्षे सायकल चालवणारे नवख्यांना सांगतात ते थोडक्यात असे : बिघडते ते सायकल निवडताना नव्हे, तर वाट निवडताना. कोणती वाट, कोणत्या महिन्यात, किती वेगाने, हे आधी ठरवा. मग सायकल कोणती घ्यायची, याचे उत्तर सोपे होते आणि बहुतेकदा स्वस्तही.

माउंटन बाइक म्हणजे नेमके काय?

दगड, माती आणि चढ-उतारांसाठी बनवलेली सायकल म्हणजे माउंटन बाइक, किंवा एमटीबी. तिचे टायर दोन इंच किंवा त्याहून रुंद आणि खाचांचे असतात. हँडल सरळ आणि रुंद, गिअर चढासाठी हलके, ब्रेक बहुधा डिस्कचे. पुढच्या चाकाला धक्का शोषणारा फोर्क असतो. फक्त पुढे सस्पेन्शन असेल तर तिला ‘हार्डटेल’ म्हणतात. मागेही असेल, तर ‘फुल सस्पेन्शन’.

या प्रकाराचा जन्म अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात, मरिन काउंटीमध्ये झाला. १९७६ मध्ये तिथल्या काही तरुणांनी जुन्या जड सायकली घेऊन मातीच्या उतारावर शर्यत लावली. तिचे नाव ‘रिपॅक’. उतारावर ब्रेक इतके तापत, की मागच्या हबमधले ग्रीस जळून जाई आणि दर फेरीनंतर ते नव्याने भरावे लागे, म्हणून हे नाव. जो ब्रीझ, गॅरी फिशर, टॉम रिची ही नावे याच मंडळींतली. १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची ‘स्टम्पजम्पर’ आली आणि अशी सायकल कारखान्यात मोठ्या संख्येने बनू लागली. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये या खेळाला जागा मिळाली. भारतात लेहमध्ये २०२२ साली एलिमिनेटर विश्वचषकाची फेरी झाली, तर २०२३ मध्ये केरळमधल्या पोनमुडीत आशियाई अजिंक्यपद स्पर्धा झाली.

नवख्याने सुरुवात कोणत्या वाटेवर करावी?

परदेशातल्या अनेक ट्रेलवर पाटी असते. हिरवे वर्तुळ म्हणजे सोपी वाट, निळा चौकोन म्हणजे मध्यम, काळा हिरा म्हणजे अवघड. आपल्या टेकड्यांवर अशा पाट्या नाहीत. या वाटा गुरांच्या, गवत कापणाऱ्यांच्या, देवळाला जाणाऱ्यांच्या आणि सकाळी फिरणाऱ्यांच्या आहेत. त्या सायकलसाठी बनलेल्याच नाहीत. म्हणून वाट ओळखण्याचा खात्रीचा मार्ग एकच : ती आधी चालून बघा.

चालताना तीन गोष्टी पाहायच्या. पहिली, मुरूम किती सुटा आहे. कातळावर पसरलेला बारीक मुरूम चाकाखाली गोट्यांसारखा सरकतो. दुसरी, वळणापलीकडचे किती दिसते. तिसरी, सायकल हातात धरून तिथून उतरता येईल का. ज्या वाटेवरून सायकल ढकलत नेता येत नाही, तिथे ती चालवायला जाऊ नये.

आता प्रत्यक्ष ठिकाणे पाहू.

वेताळ टेकडी, पुणे : शहरातला सर्वांत उंच भाग, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर. शहराची सरासरी उंची ५६० मीटरच्या आसपास आहे, म्हणजे चढ दोनशे मीटरहून जास्त. कोथरूड, पाषाण, चतुःशृंगी अशा अनेक बाजूंनी वर जाता येते. माथ्यावरच्या रुंद मातीच्या वाटा शिकण्याजोग्या, तर कडेच्या अरुंद उतारवाटा अनुभवींसाठी. टेकडीचा बराच भाग वन विभागाच्या ताब्यात आहे. सायकल कुठे न्यायला परवानगी आहे आणि कोणत्या वेळेत, हे प्रवेशाजवळच्या फलकावर वाचा किंवा तिथल्या वनरक्षकाला विचारा. नाही म्हटले, तर नाही.

बोपदेव घाट : इथे माती नाही, डांबर आहे. पण नवख्याला आधी चढाचा दम आणि गिअर बदलण्याचा सराव लागतो, आणि त्यासाठी घाटासारखी शाळा नाही. पहाटे लवकर जा. उजाडल्यावर वाहने वाढतात.

लोणावळा ते राजमाची : तुंगार्लीकडून उधेवाडीपर्यंत एका बाजूचे अंतर साधारण १५ किलोमीटर. जंगलातून जाणारा, वर-खाली होणारा हा जीप रस्ता सह्याद्रीतल्या जुन्या सायकलवाटांपैकी एक. तो फार तीव्र नाही, पण लांब आहे आणि मध्ये दुकान लागेलच असे नाही. दोन-तीन महिन्यांच्या सरावानंतर जावे. उधेवाडीहून कर्जतच्या बाजूला कोंदिवड्याकडे उतरणारी पायवाट सायकलची नव्हे.

कात्रज ते सिंहगड : रात्रीच्या ट्रेकसाठी प्रसिद्ध असलेली ही डोंगरधार फोटोंत मोह पाडते. तिथले उभे चढ आणि घसरडे उतार पाहता नवख्याने ही वाट पायीच करावी.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, मुंबई : बोरिवलीच्या प्रवेशद्वारापासून कान्हेरी लेण्यांपर्यंतचा साधारण ६ ते ७ किलोमीटरचा डांबरी रस्ता सरावाला चांगला. आतल्या जंगलवाटांवर परवानगीशिवाय जायचे नाही, कारण हा बिबट्यांचा अधिवास आहे. उद्यान सोमवारी बंद असते. ठाण्याजवळच्या येऊरलाही हीच काळजी घ्यावी.

सातारा ते कास : यवतेश्वरचा घाट चढून जाणारा रस्ता सुंदर आहे, पण सायकल रस्त्यावरच ठेवा. कासचे पठार २०१२ पासून जागतिक वारसा यादीतल्या पश्चिम घाटाचा भाग आहे. कातळावरचा मातीचा थर तिथे काही इंचांचाच असतो आणि त्यात उगवणारी फुले टायरखाली टिकत नाहीत.

मग सायकल कोणती घ्यावी?

वरच्या वाटा पाहिल्या, की लक्षात येते : सुरुवातीच्या वर्षात हार्डटेल पुरेशी आहे. नवख्यांच्या चर्चेत नेहमी येणारी नावे म्हणजे डेकॅथलॉनची रॉकरायडर, ट्रेकची मार्लिन, जायंटची टॅलन, स्कॉटची अॅस्पेक्ट. फायरफॉक्स आणि मोंट्रा या देशी कंपन्यांच्या सायकलीही भरपूर दिसतात. सायकलवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, त्यामुळे दुकानात जुना आणि नवा भाव दोन्ही विचारा.

नावापेक्षा पुढच्या पाच गोष्टी महत्त्वाच्या.

माप : सायकलवर दोन्ही पाय टेकवून उभे राहिल्यावर वरच्या नळीपासून शरीरापर्यंत किमान दोन इंच जागा हवी. मोठ्या मापाची सायकल सवलतीत मिळते म्हणून घेऊ नका. उतारावर ती आवरत नाही.

ब्रेक : हायड्रोलिक डिस्क सर्वांत चांगले, एका बोटानेही लागतात. बजेट कमी असेल तर केबलचे डिस्क चालतात, मात्र केबल वरचेवर ताणून घ्यावी लागते. कोणता लिव्हर पुढच्या चाकाचा, हे दुकानातच तपासा. सगळ्या सायकलींना एकच पद्धत नसते.

मागचा हब : स्वस्त सायकलींना फ्रीव्हील असते, बऱ्या सायकलींना कॅसेट. फ्रीव्हीलच्या हबमध्ये एक्सलला एका बाजूला आधार कमी मिळतो, त्यामुळे दगडांवर आपटून तो वाकण्याची शक्यता जास्त. वजन जास्त असणाऱ्यांनी कॅसेटची सायकल पाहावी.

फोर्क : ८० ते १०० मिलिमीटरचा फोर्क पुरे. चढावर तो कडक करणारे ‘लॉकआउट’ असेल, तर दम वाचतो.

मागचे सस्पेन्शन : पंधरा-वीस हजारांत दोन्हीकडे सस्पेन्शन मिळत असेल, तर ती सायकल टाळा. त्या किमतीत मागची स्प्रिंग केवळ वजन वाढवते आणि पेडलचा जोर खाऊन टाकते.

जुनी सायकल घ्यायला हरकत नाही. फ्रेमच्या जोडांवर, विशेषतः हँडलखालच्या नळीजवळ, तडा आहे का ते उजेडात पाहा. चाक उचलून फिरवा. डुलत असेल, तर स्पोक आणि रिम दोन्ही दाखवून घ्या.

गिअर जास्त म्हणजे चढ सोपा?

नाही. चढावर एकच आकडा मोजायचा : पुढच्या सर्वांत लहान चकतीचे दाते भागिले मागच्या सर्वांत मोठ्या चकतीचे दाते. हा भागाकार जितका लहान, तितका चढ हलका.

उदाहरणार्थ, २१ गिअरच्या एका सायकलीला पुढे २४ आणि मागे २८ दाते आहेत. भागाकार ०.८६. २९ इंची चाकाचा परीघ साधारण २.३ मीटर धरला, तर पेडलच्या एका फेरीत सायकल जवळपास २ मीटर पुढे जाते. दुसऱ्या सायकलीला पुढे २२ आणि मागे ३४ दाते आहेत. भागाकार ०.६५, एका फेरीत सुमारे दीड मीटर. मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या, तर पहिली सायकल ताशी ७ किलोमीटरने चढते, दुसरी साडेपाच किलोमीटरने. दुसरीला त्याच चढावर जवळजवळ एक चतुर्थांश कमी ताकद लागते. धाप लागून थांबणे आणि माथ्यावर पोहोचणे यांत एवढाच फरक असतो.

आता पुढे एकच चकती असलेल्या सायकलीही मिळतात. पुढे ३२ आणि मागे ४६ दाते असतील, तर भागाकार ०.७० येतो. म्हणजे गिअर कमी, पण चढ २१ गिअरवाल्या पहिल्या सायकलीपेक्षा हलका. दुकानात जाताना मोबाइलवर हा भागाकार करून पाहा.

टायरमध्ये हवा किती?

कोपऱ्यावरच्या दुकानात हवा भरली, की टायर दगडासारखा कडक होतो. रस्त्यावर ते चालते. मातीत मात्र कडक टायर दगडावरून उडतो आणि पकड सोडतो. ७० किलो वजनाच्या व्यक्तीने दोन ते सव्वादोन इंची ट्यूबच्या टायरला मातीत ३० ते ३५ पीएसआय हवा ठेवून सुरुवात करावी. वजन जास्त असेल, तर थोडी वाढवावी. फारच कमी ठेवली, तर दगडावर आपटून ट्यूब रिममध्ये चिमटते आणि दोन भोके पडतात.

आपल्याकडचा खरा शत्रू काटा आहे, बाभळीचा आणि बोरीचा. यावर दोन उपाय. ट्यूबमध्ये सीलंट भरून घेणे, म्हणजे बारीक भोक आपोआप बुजते. किंवा रिम चालत असेल, तर ट्यूबलेस करून घेणे. तरीही एक जादा ट्यूब, हातपंप आणि टायर काढायचे दोन लिव्हर सोबत हवेतच. पंक्चर काढायचा सराव घरी एकदा तरी करा. टेकडीवर पंक्चरवाला नसतो.

चढावर आणि उतारावर काय करायचे?

चढाचा नियम : गिअर चढ लागण्याआधी हलका करा. जोर लावलेला असताना गिअर बदलला, तर चेन कडकड वाजते आणि कधी तुटते. चढताना सीटच्या पुढच्या टोकाकडे सरका आणि छाती थोडी वाकवा. मागे बसलात, तर पुढचे चाक उचलते. पूर्ण उभे राहिलात, तर मागचे चाक मुरमावर घसरते.

उताराचा नियम : सीटवरून उठा. दोन्ही पेडल एका पातळीत, टाचा खाली, कोपर आणि गुडघे सैल. नजर चाकाजवळच्या दगडावर नको, चार-पाच मीटर पुढे हवी. सायकल नजरेमागे जाते. दगडाकडे बघाल, तर दगडावरच जाल. शक्य असेल, तर उतारापूर्वी सीट दोन-तीन इंच खाली करा.

ब्रेक दोन्ही वापरा. पुढचा ब्रेक लागला, की पडायला होते, ही भीती अनेकांना असते. खरे तर सायकल थांबवण्याचे बरेचसे काम पुढचाच ब्रेक करतो. तो एकदम दाबणे चूक, हळूहळू दाबणे बरोबर. वळणाआधी वेग कमी करा, वळणात ब्रेक सोडा. आणि एक हिशोब लक्षात ठेवा : वेग दुप्पट झाला, की थांबायला लागणारे अंतर साधारण चौपट होते. उतारावर आणि सुट्या मुरमावर त्याहूनही जास्त.

अवघड जागी उतरून सायकल हातात घेणे कमीपणाचे नाही. अनुभवी सायकलस्वारही सर्रास तसेच करतात.

पावसाळ्यात टेकडीवर जावे का?

हिरवी टेकडी बोलावते, पण उत्तर बहुतेकदा नाही असेच आहे. बेसॉल्टच्या कातळावर शेवाळ धरते आणि त्यावर कोणताच टायर टिकत नाही. काळी माती चाकात आणि ब्रेकमध्ये भरते. तिसरे कारण वाटेचे आहे. ओल्या मातीत टायरची चाकोरी उमटते, पुढच्या सरीचे पाणी त्याच चाकोरीतून धावते आणि दोन-तीन पावसाळ्यांत तिथे घळ तयार होते. मातीवर बोट दाबल्यावर ठसा खोल उमटत असेल, तर त्या दिवशी रस्त्यावर सायकल चालवा.

ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. मार्चपासून ऊन आणि वणव्यांचा धोका वाढतो. कडेकपारीला आग्या मोहोळ दिसले, तर आवाज न करता मागे फिरा.

वाट कोणाची?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि त्याचे उत्तर मरिन काउंटीतच सापडते. जिथे माउंटन बाइकचा जन्म झाला, तिथेच पायी फिरणारे आणि सायकलवाले यांच्यात खटके उडू लागले. वेगाने येणाऱ्या सायकलींबद्दल तक्रारी वाढल्या. परिणामी माउंट टॅमलपाइस परिसरातल्या बहुतेक अरुंद वाटांवर दीर्घकाळ सायकलला मनाई राहिली. रुंद मातीच्या रस्त्यांवर ताशी १५ मैलांची, म्हणजे सुमारे २४ किलोमीटरची, मर्यादा आली. वाटा बंद होऊ लागल्या, तेव्हा १९८८ मध्ये सायकलस्वारांना आंतरराष्ट्रीय संघटना उभी करावी लागली. जबाबदारीने सायकल चालवण्याचे नियम तिने घालून दिले, वाटा दुरुस्त करण्यासाठी स्वयंसेवक उभे केले.

पुण्याच्या टेकड्यांवर गर्दी त्याहून जास्त आहे. पहाटे तिथे ज्येष्ठ नागरिक असतात, लहान मुले असतात, कुत्री असतात, मोर असतात. शहर वाढते आहे आणि टेकड्यांवर आधीच ताण आहे. बालभारती-पौड फाटा रस्त्यावरून झालेला वाद पुणेकरांना माहीत आहे. टेकडी वाचवायला जे नागरिक उभे राहतात, तेच सकाळी पायी फिरणारे असतात. सायकलवाल्याने त्यांना धडक मारली किंवा नुसते घाबरवले, तरी तो स्वतःच्याच बाजूची माणसे गमावतो. एका अपघातानंतर वाट सगळ्याच सायकलींना बंद होऊ शकते.

म्हणून नियम साधे आहेत. पायी चालणाऱ्याचा हक्क पहिला. मागून जाताना घंटी वाजवा, वेग चालण्याइतका करा, ‘काका, डावीकडून येतोय’ असे सांगा. चढणाऱ्या सायकलला उतरणाऱ्याने वाट द्यावी. चार-पाच जणांहून मोठा गट नको. वळण टाळण्यासाठी नवी आडवाट पाडू नका. मोबाइल अॅपवरचा वेळेचा विक्रम मोडायला टेकडी ही जागा नव्हे. स्पीकर घरी ठेवा, कचरा परत आणा.

पहिले चार रविवार कसे घालवावेत?

पहिला रविवार : सायकल भाड्याने किंवा मित्राकडून घ्या. मोकळ्या मैदानात ब्रेक, गिअर आणि उभे राहून चालवण्याचा सराव करा.

दुसरा रविवार : डांबरी घाट. चढ पूर्ण झाला नाही तरी चालेल, गिअर कधी बदलायचा हे कळले पाहिजे.

तिसरा रविवार : निवडलेली टेकडीवाट पायी करा. अवघड जागा मोबाइलवर टिपून ठेवा.

चौथा रविवार : तीच वाट, अनुभवी सोबत्याच्या मागे राहून, सायकलवर. इथपर्यंत मजा आली, तर सायकल विकत घ्या.

सोबत काय हवे?

हेल्मेट सर्वांत आधी. आत ईएन १०७८ किंवा सीपीएससी प्रमाणाचा शिक्का पाहा. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट बाहेरून ठीक दिसले, तरी बदला. पूर्ण बोटांचे हातमोजे घ्या, कारण पडताना माणूस आधी हात टेकतो. दोन लिटर पाणी, गूळ-शेंगदाणे किंवा केळी, बँडेज आणि जंतुनाशक, पूर्ण चार्ज केलेला मोबाइल. एकट्याने जात असाल, तर घरी वाट आणि परतीची वेळ सांगून जा. अपघात झाल्यास रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत. मदत मागताना ‘टेकडीवर आहे’ एवढे पुरत नाही. कोणत्या बाजूने वर आलात आणि जवळ कोणते देऊळ, खाण किंवा मनोरा आहे, हे सांगता आले पाहिजे.